घंटीच्या बटणांचा पाट

शहापुरात संगणक यायच्या आधी संगणकाची कव्हरं आली. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. पतपेढी असो, शाळा असो, नाहीतर एखादा वकील असो, मशीन अजून ठाण्याच्या व्यापाऱ्याकडे पडलेलं असायचं आणि इकडे शिंप्याकडे मापं पोचलेली असायची. मग मशीन यायचं, नारळ फुटायचा, चपला बाहेर काढायचा नियम व्हायचा आणि त्या झालरीच्या कव्हराखाली ते महिनाभर गप्प बसून राहायचं, कारण प्रिंटर चालायचा नाही. मग मला बोलावणं यायचं.

प्रिंटर का चालायचा नाही ते सांगतो, कारण माझी सगळी मिजास त्याच्यावरच उभी होती. डॉसच्या दिवसांत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे नावाची घरधनीण. फाईल उघडून द्यायची, बंद करायची, बाकी ज्याचं त्यानं बघावं. प्रिंटरशी कसं बोलायचं हे प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचं स्वतः शिकावं लागे. पत्रं लिहायच्या प्रोग्रामला एका कंपनीचा प्रिंटर कळायचा, निकालपत्रकाच्या प्रोग्रामला भलत्याच कंपनीचा. नवा प्रिंटर घेतला की घरातल्या सगळ्या प्रोग्रामांना त्याची वेगवेगळी ओळख करून द्यायची. ही ओळख ज्या फ्लॉपीत असायची ती हरवलेली असायची, आणि तिची नक्कल माझ्याकडे असायची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी अशा साठ-सत्तर फ्लॉप्या जमवल्या होत्या. तो डबा काखोटीला मारून मी शहापूर ते मुरबाड हिंडायचो. लोक उठून खुर्ची द्यायचे.

मी कुणी इंजिनियर नव्हे. घरची भातशेती, आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स, दोन वर्षं कल्याणच्या एका दुकानात सोल्डरिंग आणि मग एसटी स्टँडच्या मागे भाड्याचा गाळा. एवढ्या भांडवलावर मी सगळ्यांना मूर्ख समजायला लागलो होतो. खरं तर बरेचसे होतेही. एका मुख्याध्यापकांनी प्रिंटरचं तोंड पूर्वेकडे करण्यासाठी केबल इतकी ताणली की ती मुळापासून उपटली, आणि मला विचारलं, आता उत्तरेकडे चालेल का. एका वकिलानं फ्लॉपीला भोक पाडून ती दोऱ्यात ओवून फाईलला बांधली होती, पुरावा म्हणून. असल्या लोकांत राहिलं की माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं. मला ते वाटायला लागलं होतं.

माझा एक शाळासोबती होता, शेणव्याचा. अक्षर सुंदर, भाषा त्याहून सुंदर. कॉलेजात जायची ऐपत नव्हती म्हणून मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा कापायच्या प्रेसवर लागला. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा प्रेस त्याच्या दोन्ही हातांवर आला. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला, चारही बोटं गेली. डाव्या हाताची मधली दोन गेली. सहा महिन्यांनी तो माझ्या दुकानात आला आणि बाकड्यावर बसून राहिला. हात रुमालाखाली. लोक दुकानात येत, त्याच्याकडे बघत आणि पहिलं वाक्य एकच म्हणत, "हाताला काय झाला?" तो तितक्याच शांतपणे दरवेळी सांगायचा. मला त्या लोकांचा संताप यायचा. अजूनही येतो.

त्याला पेन धरता येत नव्हतं. कीबोर्डवर बसवला तर उजव्या पंजाखाली चार कळा एकदम दबायच्या, आणि शिफ्ट धरून दुसरी कळ दाबणं त्याच्या उरलेल्या बोटांना जमण्यासारखं नव्हतं. पडद्यावर किडामुंगी सांडल्यासारखी अक्षरं उमटायची. तो हसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे. हे धा बोटांवाल्यांचा काम हाय."

हे वाक्य मला झोंबलं. मी ठरवलं, ह्याच्यासाठी वेगळं यंत्र करायचं. मोठमोठी बटणं, एकमेकांपासून लांब, आणि शिफ्टसाठी पायाखाली पट्टी. डॉसमध्ये एक सोय होती, प्रोग्राम लिहिणाऱ्याला मशीनच्या कुठल्याही जोडणीत थेट हात घालता यायचा, विचारणारं कुणी नव्हतं. मी प्रिंटरची जोडणी उलटी वापरायची ठरवली. तिच्यातून बाहेर अक्षरं पाठवण्याऐवजी बाहेरच्या बटणांची खबर आत आणायची. आत येऊ शकतील अशा तारा मोजक्याच होत्या. ओढूनताणून बारा बटणं आणि एक पायपट्टी बसली. बारा बटणांत मराठी कशी मावणार? म्हणून दोन-दोन बटणं एकदम दाबायची. पहिलं आणि चौथं म्हणजे क, पहिलं आणि पाचवं म्हणजे ख, असा सगळा तक्ता मी स्वतः बसवला आणि तो ओळखणारा प्रोग्रामही स्वतः लिहिला.

बटणं घेतली दारावरच्या घंटीची, पांढरी, गोल. ती बसवायला लाकूड हवं होतं. तो घरून एक पाट घेऊन आला. सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं, लग्नात त्याला ज्यावर बसवलं होतं तो. त्याची बायको मागोमाग आली. मी तिला वहिनी म्हणायचो. पाटाला मी बारा भोकं पाडत असताना ती दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "भावजी, काम झाला का पाट परत द्या हां. जोडी हाय ती. एक माझ्या बसायचा, एक ह्यांच्या."

मी म्हटलं, "वहिनी, हा पाट आता संगणकाचा भाग झाला." मला वाटलं ती दिपून जाईल. तिनं पितळी फुलावरचा भुसा पदरानं पुसला आणि निघून गेली.

महिनाभरात त्यानं तो तक्ता तोंडपाठ केला आणि दोन महिन्यांत मला लाजवील अशा वेगानं लिहायला लागला. दुकानाच्या बाहेर मी पाटी लावली, अर्ज लिहून मिळतील. माझ्या गाळ्याला पहिल्यांदा माणसांची रीघ लागली ती त्याच्यामुळे. तो नुसतं सांगितलेलं लिहीत नसे. समोरच्याला आधी तीन प्रश्न विचारायचा, तुला काय पायजे, ते कुणाच्या हातात हाय आणि त्यानं नाय म्हटलं तर कारण काय देईल. मग त्या कारणाचं उत्तर अर्जातच लिहून टाकायचा. टोकावड्याहून एक माणूस आला होता, एसटी गावाच्या थांब्यावर थांबत नाही, पुढे ढाब्यापाशी थांबते म्हणून. दुसरा कुणी असता तर 'तरी मेहेरबान साहेबांनी कृपा करावी' असं लिहून मोकळा झाला असता. ह्यानं लिहिलं की ढाब्याचा थांबा चालक-वाहकांच्या चहाच्या सोयीचा आहे हे आम्हांस मान्य आहे, आमचे म्हणणे इतकेच की चहाआधी एकदा व चहानंतर एकदा अशी गाडी दोनदा थांबावी. गाडी थांबायला लागली.

आणि मी काय करत होतो? कुणी आलं की त्याला पाट दाखवत होतो. हा बघा, हा मी केला. ह्या तारा अशा जातात, हा प्रोग्राम मी लिहिला, असा दुसरा महाराष्ट्रात नाही. लोक पाटाकडे बघायचे, त्याच्या हातांकडे बघायचे आणि मला म्हणायचे, वा. अर्ज कसा लिहिलाय हे मी एकदाही कुणाला वाचून दाखवलं नाही. आठ वर्षं गेली अशी. आठ वर्षांत तो रोज शेणव्याहून शहापूरला यायचा आणि त्या एका मशीनसमोर बसायचा, कारण त्याचा पाट जगात त्या एकाच मशीनला कळत होता. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. उलट एक दिवस तो आजारी पडला आणि वहिनी म्हणाली की पाट घरी नेता आला असता तर बरं झालं असतं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "हे माझ्या मशीनशिवाय चालायचं नाही, वहिनी. हे काय चालतंबोलतं खेळणं आहे?"

मधल्या काळात जग बदललं आणि मला फार राग आला. विंडोजची नवी पिढी आली आणि तिनं कायदाच केला. कुठल्याही प्रोग्रामनं यंत्राच्या जोडणीला थेट हात लावायचा नाही. काय हवं ते ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं, ती त्या यंत्राच्या ड्रायव्हरला सांगणार, ड्रायव्हर यंत्राला सांगणार. प्रोग्रामनं फक्त म्हणायचं, छाप. प्रिंटर कुणाचा, कुठल्या कंपनीचा, नवा की जुना, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. सगळ्यांनी एकाच खिडकीवर यायचं आणि एकाच नमुन्यात मागायचं.

मी दुकानात बसून ह्या प्रकाराला शिव्या घालायचो. म्हणायचो, मशीनच्या पोटात तहसील कचेरी बसवली. आता विजेचा खटका दाबायलाही अर्ज करा. ठाण्याहून येणारी गळ्यात पट्टे घातलेली पोरं, ज्यांना सोल्डरिंगची कांडी कुठल्या बाजूनं धरायची हे ठाऊक नव्हतं, ती येऊन सीडी घालायची, तीनदा 'पुढे' दाबायची आणि प्रिंटर चालू करून जायची. मुख्याध्यापक आता स्वतः प्रिंटर जोडायला लागले. तोंड पूर्वेकडे करून. माझा बिस्किटांचा डबा एका हंगामात टाकाऊ झाला आणि मला कुणी खुर्ची देईनासं झालं. ह्याला मी तेव्हा तत्त्वाचा विरोध म्हणायचो.

अशात मुरबाडच्या एका सरकारी कार्यालयात माहिती भरणाऱ्या लेखनिकाची जागा निघाली, अपंगांसाठी राखीव. मराठी टंकलेखनाची चाचणी, दिवाळीनंतर. वहिनीनं जाहिरातीचा कागद घडी करून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "ह्यांना ही मिळाली पायजे. तुमच्या बाकड्यावर किती वर्सं बसायचा? उद्या तुमी दुकान बंद केलात तर ह्यांच्या हात परत गेले का नाय?" ती भांडत नव्हती. मला नुसतं विचारत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मुरबाडला गेलो. तिथल्या साहेबांना म्हटलं, उमेदवाराचं मशीन आम्ही आमचं आणू, खास बनवलेलं आहे. साहेब सज्जन होते. म्हणाले, "चाचणी आमच्याच मशीनवर द्यावी लागेल, सगळ्यांना सारखी. कीबोर्ड मात्र तुमचा आणा हवा तर. मागच्या वेळी एकानं आणला होता. जोडणीत बसला म्हणजे झालं."

ते वाक्य मी कानांनी ऐकलं आणि डोक्यात शिरू दिलं नाही. कीबोर्ड! मी काय कीबोर्ड विकणारा होतो? मी एक यंत्र निर्माण केलं होतं, आणि हा माणूस मला बाजारातल्या कीबोर्डाची गोष्ट सांगत होता. बसमध्ये बसून मी त्यांच्या अकलेची मनसोक्त कीव केली.

मग मी पाटासाठी ड्रायव्हर लिहायला बसलो. इंग्रजी पुस्तक आणलं, विटेएवढं. तीन आठवडे डोकं आपटलं. पडदा निळा पडायचा आणि मशीन बंद व्हायचं. ठाण्याच्या एका जाणकाराला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, प्रिंटरच्या पोर्टात बटणं? तो पोर्टच आता जाणार आहे." मी फोन आपटला. मित्राला सांगितलं, होणार नाही, त्यांची सिस्टिमच नालायक आहे. तो बाकड्यावर बसला होता. बराच वेळ पाटावर अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी तुझ्या दुकानातच लिव्हू शकतंय. बाकी कुठं नाय."

"तेच तर," मी म्हणालो. आज ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी ते जवळजवळ अभिमानानं म्हटलं होतं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला अवजारं पूजतात, आणि पूजायच्या आधी ती धुतात. विळे, कोयते, कुदळी, सगळं बाहेर निघतं, नारळाच्या काथ्यानं घासलं जातं, उन्हात वाळतं आणि मग हळद-कुंकू. माझ्या दुकानाची साफसफाई दरवर्षी वहिनी करायची, नवऱ्याची कामाची जागा म्हणून. त्या वर्षी मी सकाळी उशिरा पोचलो तर गाळ्यामागच्या हातपंपाशी ती बसली होती, पदर खोचून, आणि तिच्यासमोर माझे तीन कीबोर्ड होते. काथ्यानं घासलेले. एकाचे तर तिनं स्क्रू काढून दोन भाग केले होते आणि आतला भाग वेगळा धुवून फडक्यावर वाळत घातला होता, शेजारी कळांचा ढीग, पापड सुकवावेत तसा.

मी जो ओरडलो तो स्टँडवर ऐकू गेला असेल. अडाणी म्हणालो, गावंढळ म्हणालो, आणखी बरंच बोललो. ह्याला विजेचं यंत्र म्हणतात, हा काय तुमचा कोयता आहे?

ती उठली नाही. म्हणाली, "भावजी, आमचा अवजार धुतल्याबिगर पूजीत नाय. आतमंदी बघा किती घाण व्हती. झुरळाची अंडी व्हती. आणि ओरडता कशाला, काय मोडला नाय." तिनं फडक्यावरून एक हिरवी पट्टी उचलली, तळहाताएवढीही नाही, तीन बारके दिवे असलेली, वायर त्याच पट्टीतून निघालेली. "बटनांना तर नुसता रबर हाय खाली. वायर ह्याला हाय. मशीनला सांगतंय कोण, बटन का हा?"

"तो," मी म्हणालो. "तो सर्किट. कळ दाबली की ह्याच्या दोन रेघा एकमेकींना टेकतात, आणि कुठल्या दोन टेकल्या ते हा मशीनला..."

आणि मी थांबलो. तिला जे समजावत होतो ते मलाच ऐकू आलं. मशीनला कळ दिसत नाही. त्याला बोट दिसत नाही. कोणत्या दोन रेघा टेकल्या एवढं हा हिरवा तुकडा ठरलेल्या भाषेत सांगतो, आणि ती भाषा प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला पहिल्या दिवसापासून येते. त्या रेघा रबराऐवजी दारावरच्या घंटीनं टेकवल्या तरी मशीनला काय कळणार? ड्रायव्हर लिहायला नको, कुणाची परवानगी नको. जोडणीत बसला म्हणजे झालं. मुरबाडचे साहेब हेच म्हणाले होते.

मी पंपाच्या ओट्यावर बसलो. वहिनीला वाटलं मला चक्कर आली. तिनं तांब्याभर पाणी दिलं.

चाचणीला सहा आठवडे होते. शहापुरातल्या विजेच्या दुकानात मी घंटीची पन्नास बटणं मागितली, तर दुकानदारानं विचारलं कुठली बिल्डिंग. ह्या वेळी लाकूड घेतलं जुन्या कपाटाच्या दाराचं, कारण वहिनीनं सरळ सांगितलं, आधी पहिला पाट परत द्या. त्या हिरव्या पट्टीच्या काळ्या टोकांवर सोल्डर बसेना. ब्लेडनं खरवडून, एकेक तार लावून, दिवाळीचे चार दिवस धरून मी ते काम संपवलं. दोन पायपट्ट्या केल्या, एक शिफ्टची, एक दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेची. ह्या वेळी अक्षरांचा तक्ता मी स्वतःचा बसवला नाही, कार्यालयाच्या मशीनमध्ये जो मराठी कीबोर्ड आधीपासून होता त्याचाच ठेवला. तो मित्राला नव्यानं शिकावा लागला. आठ वर्षं हाडात मुरलेला माझा तक्ता त्याला विसरावा लागला, कारण तो तक्ता माझ्याशिवाय कुणाचाच नव्हता. तो क म्हणून दोन बटणं दाबायचा आणि पडद्यावर भलतीच दोन अक्षरं यायची. एकदा त्यानं पंजा फळीवर आपटला. मग परत पहिल्या ओळीपासून सुरू केलं. मी मदत करायला गेलो तर वहिनी म्हणाली, "तुमी लांब बसा."

चाचणीच्या दिवशी ते कपाटाचं दार गोधडीत गुंडाळून आम्ही एसटीत चढवलं. कंडक्टरनं विचारलं, दार कुणाच्या घराचा. मुरबाडला एका खोलीत सहा मशीनं मांडली होती. सहा उमेदवार. एकाला कुबड्या, एकीची मान वळत नव्हती. पर्यवेक्षक होते एक पोक्त गृहस्थ. त्यांनी फळी बघितली, मग मित्राचे हात बघितले आणि ठरलेलं वाक्य म्हणाले, "हाताला काय झालं?" त्यानं सांगितलं. मी दात खाल्ले.

मशीन बंद होतं तेव्हाच मी त्यांचा कीबोर्ड काढून आमची वायर लावली. मशीन चालू केलं. फळीच्या कोपऱ्यात मी ती हिरवी पट्टी तशीच ठेवली होती, तिच्यावरचे तीन दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. म्हणजे मशीननं विचारलं, कीबोर्ड आहे का, आणि पट्टी म्हणाली, आहे. संपलं. पडद्यावर कसली सूचना नाही, कसली चौकट नाही, हे कुठलं यंत्र, कुणी केलं, बोटं किती. ज्या सिस्टिमला मी तीन वर्षं कचेरी म्हणून हिणवलं, तिनं त्याला एक अक्षर विचारलं नाही. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर त्याच्या हाताबद्दल काही न विचारणारं मी पाहिलेलं ते पहिलंच.

मला बाहेर काढण्यात आलं. दाराच्या फटीतून घंटीच्या बटणांचा टकटक आवाज येत होता, मधूनच पायपट्टीचा. दहा मिनिटं. बाकीच्या पाच कीबोर्डांतून तो वेगळा ओळखू यायचा. आधी अडखळत, मग सलग. मी भिंतीला डोकं टेकून उभा होतो आणि मला रडू येत होतं, हे सांगायला आता मला लाज नाही.

निकाल नंतर लागला. तो सहांत तिसरा होता वेगात, आणि शुद्धलेखनात पहिला. जागा त्याला मिळाली. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा प्रवास. संध्याकाळची गाडी, अर्धी रिकामी. फळी आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी. मी अखंड बोलत होतो, की बघ, शेवटी करून दाखवलं, की हा नवा जमाना, ही प्रमाण जोडणी, आता कुठल्याही मशीनला लाव, कल्याणला लाव, दिल्लीला लाव. तो खिडकीबाहेर बघत होता. शेणवं जवळ आल्यावर त्यानं विचारलं, "एक सांग. दुकानात तुझा जुना मशीन हाय, त्याला पन कीबोर्ड व्हता ना?"

"होता," मी म्हणालो.

"त्याच्या आतमंदी पन असा हिरवा तुकडा व्हता?"

खोटं बोलता आलं असतं. तो मान्य करून बसला असता, त्याला ह्यातलं काय कळत होतं? "होता," मी म्हणालो. "थोडा मोठा. पण हाच."

"आणि तवाच्या बाकीच्या मशीनांना?"

"सगळ्यांना."

त्यानं मान हलवली. आठ वर्षं तो मनात मोजत असेल किंवा नसेल. मला शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. तो म्हणाला, "उतरताना फळीचा एक कोपरा धर रे, दारात अडकल." मी कोपरा धरला. वहिनी फाट्यावर उभी होती. तिनं दुसरा कोपरा धरला आणि दोघं ती फळी घेऊन गेले. मी गाडीत परत चढलो.

दुकानाचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. विंडोजला शिव्या घालणं मी हळूहळू सोडलं. बिस्किटांचा डबा भंगारात दिला. पाट मात्र मागितल्याप्रमाणे परत केला. बटणं काढून, तारा काढून, तेलपाणी करून नेऊन दिला. वहिनीनं तो उलटसुलट करून बघितला, भोकांतून पलीकडे बघितलं आणि भिंतीला जोडीच्या पाटाशेजारी उभा केला.

तो मुरबाडला नोकरीला जातो, त्याची बदलीही एकदा झाली, फळी सोबत गेली. सणावाराला मला जेवायला बोलावतात. मी जातो. पाहुण्याला पाट मांडायची त्यांच्याकडे रीत आहे, आणि वहिनी दरवेळी तोच पाट मांडते. मुद्दाम मांडते की हाताला येतो म्हणून, मी कधी विचारलं नाही. तो समोर बसून वाढायला सांगत असतो. पाटाला बारा भोकं आहेत, माझ्या हातची, आणि जेवून होईपर्यंत मी त्यांच्यावर बसतो.